टायपिंगच्या बाई, मुख्य पंच

आमच्या गावात टायपिंगचा एकच क्लास होता, आणि तो बाईंचा. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर चांगलं ठळक रंगवलेलं होतं, पण ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. बाई म्हटलं की पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. खाली पंप दुरुस्तीचं दुकान, बाजूने लोखंडी जिना, आणि वर एका खोलीत अठरा यंत्रं, अठरा स्टुलं आणि एक खिडकी. खिडकीकडे बघायला बंदी होती. बोटांकडे बघायलाही. "समोरच्या कागदाकडे बघा. बोटं कुठे पळून जात नाहीत," असं बाई म्हणायच्या.

बारावीनंतरच्या सुट्टीत आईने मला तिथे घातलं, म्हणजे निदान घरातली दूध-बिस्किटं तरी दुपारची शिल्लक राहतील. माझी उजवी करंगळी आळशी आहे, असं निदान बाईंनी दुसऱ्याच दिवशी केलं. ते आजवर कुणाला खोटं ठरवता आलेलं नाही. पुढे ती साथ शरीरभर पसरली, एवढंच.

वर्षातून दोनदा बाई सरकारी परीक्षेला परीक्षक म्हणून बाहेरगावी जायच्या. तिथली लबाडी ठरलेली असे. एखादा घरून टाइप केलेला कागद शर्टात घालून यायचा, परीक्षेत नुसती बटणं बडवायचा आणि शेवटी कागद बदलायचा. चाळीस यंत्रांच्या खडखडाटात कोण लिहितोय आणि कोण बडवतोय हे कानाला कळणं अशक्य. बाई अशा मुलामागे जाऊन उभ्या राहायच्या आणि टेबलाच्या कडेवर तळहात हलकाच टेकवायच्या. लाकडातून त्यांना बोटं कळायची. मिनिटभराने शांतपणे म्हणायच्या, "शर्टातला कागद द्या." एकतीस वर्षांत त्यांचा एकही निकाल फिरला नाही. हे त्या बढाई म्हणून सांगायच्या नाहीत; आपण रक्तगट सांगतो तसं सांगायच्या.

त्यांची दुसरी खोड कागदपत्रांची. फॉर्ममधला एक जरी रकाना मोकळा असला तरी त्या सही करत नसत. लागू नसेल तर आडवी रेघ मारा, पण मोकळा ठेवू नका. "मोकळ्या जागेत उद्या कुणी काहीही लिहील. खाली सही आपली असते." हे आम्हा अठरा जणांना त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आमच्यातला एक पुढे प्रेमपत्रातही रेघा मारायचा.

मी वकिलीची परीक्षा दोनदा देऊन एकदा पास झालो आणि शहरात नोकरीला लागलो. नोकरी व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत. आईला मी सांगितलं, "खेळांची वकिली करतो." ती म्हणाली, "खेळात कसली वकिली? हरला तो हरला." मग तिला समजावून सांगितलं. फुटबॉल हा खेळ कुणाच्या बापाचा नाही, पण आमचा खेळ मालकीचा असतो. ज्या कंपनीने तो बनवला, तिची लेखी परवानगी घेऊनच स्पर्धा भरवायची. परवानगीखाली आमची कंपनी, तिच्याखाली संघ, संघाखाली खेळाडू, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बांधणारे करार लिहिणारा मी. आई म्हणाली, "म्हणजे दोरखंडाचा धंदा." हे मला आजही माझ्या कामाचं सर्वांत नेमकं वर्णन वाटतं.

त्या परवानगीत एक अट मोठ्या अक्षरांत होती. स्पर्धा भरवणाऱ्याचा स्वतःचा संघ त्या स्पर्धेत असता कामा नये. आमच्या मालकांचा होता. कागदावर तो त्यांच्या मेहुण्याच्या नावावर होता, आणि संघ खरा मालकांचाच आहे असं सांगणारा दुसरा कागद माझ्या कपाटात होता. दोन्ही मीच टाइप केले होते. कुंपण आणि शेत एकाच सातबाऱ्यावर असल्यासारखं ते प्रकरण होतं. मी नवा होतो, पगार वेळेवर होत होता, आणि सगळेच असं करतात हे वाक्य मला त्या काळात फार पटायचं.

बाईंना यात ओढलं तेही मीच. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत मॅक्रोवरून भांडणं झाली होती. मॅक्रो म्हणजे कीबोर्डला आधीच शिकवून ठेवायचं: एक बटण दाबलं की पाच बटणांचं काम आपोआप, एका क्षणात. माणसाच्या बोटांना ते जमत नाही, म्हणून नियमाने बंदी. पण हे पकडायचं कसं? खेळाडू कीबोर्ड स्वतःचा आणतात, आणि लबाडी कीबोर्डच्या पोटात असते. त्या मीटिंगमध्ये भाव खायला म्हणून मी बाईंचा आणि टेबलाच्या कडेचा किस्सा सांगितला. मालक आधी हसले, मग हसायचे थांबले.

"आणा त्यांना," ते म्हणाले. "टायपिंगच्या बाई मुख्य पंच. फोटो काय येईल."

फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "गेम? माझं वय काय, तू बोलतोस काय?"

"बाई, तुम्हाला खेळायचं नाहीये. पोरं लबाडी करतात का एवढं बघायचंय."

"मग तसं सांग की. ती तर माझी रोजची."

क्लास तोवर बसलाच होता. अठरापैकी बारा यंत्रांवर चादरी होत्या. बाई आल्या त्या नियमांची सत्तर पानी पुस्तिका वाचून, समासात पेन्सिलीने शंका लिहून. पहिल्या दिवशी खेळाडूंनी त्यांना "आजी" म्हणून हाक मारली.

"आजी घरी," त्या म्हणाल्या. "इथे बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराच्या मागे उभं राहून त्याला हळूच सांगितलं की तुझ्या कीबोर्डचं डावीकडचं एक बटण अर्धं अडकतंय, बदल, नाहीतर हरशील. त्याने बदललं. तिसऱ्या दिवसापासून सगळे बाई म्हणू लागले आणि ताठ बसू लागले.

आता त्या कागदाबद्दल. पंचाच्या नेमणुकीची चार पत्रकं होती. तीन बाईंनी सही करून दिली. चौथ्यावर त्या थांबल्या. माझ्या टेबलासमोर बसून चष्मा नीट केला आणि बोट ठेवलं.

"हा सात नंबर मोकळा आहे."

सात नंबरचा रकाना असा होता: आयोजकाचे वा त्याच्या नातेवाइकांचे कोणत्याही संघात हितसंबंध असल्यास तपशील.

"तो आमच्या बाजूने भरायचा असतो, बाई."

"मग भर. काही नसेल तर रेघ मार. लगेच सही करते."

एक रेघ. दोन इंच लांबीची. मारली असती तर माझ्या हाताने धडधडीत खोटं झालं असतं, आणि खरं लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत माझं टेबल रिकामं झालं असतं. मी म्हणालो, "मालकांना विचारून भरतो," आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. बाईंनी पुढच्या आठवड्यात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, "झालंच बाई, पाठवतो." इतक्यात स्पर्धा सुरू झाली आणि तो कागद कुणाला आठवला नाही. मला सोडून.

अंतिम सामना रविवारी दुपारी, भाड्याच्या मोठ्या हॉलमध्ये झाला. एका बाजूला मालकांच्या मेहुण्याचा म्हणवला जाणारा संघ, त्यांचा हिरो तुफान नावाने खेळणारा. दुसऱ्या बाजूला पाच जणांचा एक संघ, ज्याची कॅप्टन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. ते पाचही जण नोकरीतून सुट्टी काढून बसने आले होते आणि कुणाच्याच टी-शर्टवर जाहिरात नव्हती. सामना तीन डावांचा; एक डाव यांनी जिंकला, एक त्यांनी. तिसऱ्यात बाई तुफानच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हॉलमध्ये इतका गोंगाट होता की माझं स्वतःचं टाळ्या वाजवणं मला ऐकू येत नव्हतं. बाईंचा तळहात टेबलाच्या कडेवर होता.

दोन मिनिटं. मग त्यांनी हात वर केला आणि खेळ थांबला.

"पडद्यावर पाच कामं होतायत," त्या म्हणाल्या, "आणि हाताखाली टक एकच. तीनदा झालं. कीबोर्ड काढा."

तुफान म्हणाला, "बाई, माझा स्पीडच तसा आहे."

"एक बोट पाच ठिकाणी नसतं रे, कितीही स्पीड असला तरी."

कीबोर्ड त्यांनी पिशवीत घालून लाखेचं सील लावलं. लाख त्या घरून घेऊन आल्या होत्या. तपासणी सोमवारी होणार होती. नियमाप्रमाणे मैदानावरचा पंचाचा निर्णय अंतिम, म्हणून लॅबवाली कॅप्टन जिंकल्याचं जाहीर झालं. ती खुर्चीतून उठलीच नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसून राहिली.

दहा मिनिटांत मालकांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, पण ते पाणी पीत होते.

"काही करता येतं का?" त्यांनी विचारलं.

"पंचाचा निर्णय अंतिम आहे, सर. आपल्याच नियमात आहे."

"हं." ते ग्लासाकडे बघत राहिले. "मग राहिलं. पुढच्या वर्षी बघू."

हे मी नीट सांगायला हवं, कारण नंतर सगळ्यांना वाटलं की मालकांनी मला करायला लावलं. त्यांनी सोडून दिलं होतं. ते उठत होते. मी म्हणालो, "सर, त्यांचा एक कागद बिनसहीचा आहे."

का म्हणालो, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. धमकी नव्हती, लालूचही कुणी दाखवली नव्हती. एक उत्तर मला येत होतं आणि वर्गात हात वर करायची जुनी सवय होती, याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही. आणि याहून वाईटही.

मालक परत बसले. "बिनसहीचा म्हणजे?"

"नेमणूक पूर्ण झालेली नाही. म्हणजे त्या पंचच नव्हत्या. म्हणजे निर्णयच नाही."

"वा," ते म्हणाले. "टाइप कर."

अकरा ओळींचं पत्र मी टाइप केलं. त्यात एक वाक्य होतं: सदर व्यक्तीने आवश्यक घोषणापत्रावर स्वाक्षरी करण्यास टाळाटाळ केली. ते वाक्य कुणी मागितलं नव्हतं. पण त्याशिवाय पत्र लंगडं वाटत होतं.

बाई मागच्या व्हरांड्यात, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांशेजारी डबा उघडून बसल्या होत्या. मी पत्र दिलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

"सात नंबर," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"कुणी भरायचा होता?"

मी खुर्च्या मोजत होतो.

"आणि टाळाटाळ मी केली?"

"कायद्याची भाषा असते बाई ती. तसंच लिहावं लागतं."

त्यांनी पत्र पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. "टायपिंगची चूक एकही नाही," त्या म्हणाल्या आणि पत्राची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली. मला त्यांनी दुसरं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

कीबोर्डचं सील मीच फोडलं. निर्णय नाही तर जप्तीही नाही, हे कलमही मलाच सुचलं होतं. तुफानने कीबोर्ड घेतला, "थँक्यू, सर" म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला. त्यालाही बहुतेक माझ्यापेक्षा जास्त लाज होती.

उरलेला सामना दुसऱ्या पंचाखाली खेळवला आणि तुफानचा संघ जिंकला. त्या आठवड्यात बाईंचा तो फोटो, हात वर केलेला, सगळीकडे फिरला. खाली लोकांनी लिहिलं: चष्म्याचा नंबर वाढलाय. आजीने टाइपरायटर समजून थांबवलं. आमच्या गावातही तो पोचला. पंपवाला म्हणाला, बाईंचा हात गेला आता, वय झालं. परीक्षा मंडळाकडून दरवर्षी येणारं परीक्षकाच्या नेमणुकीचं पत्र त्या वर्षी आलं नाही. मंडळाने कारण दिलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

मला काचेची केबिन मिळाली. आई फोनवर म्हणाली, "बाईंकडे जाऊन आलास का?"

"वेळ नाही गं."

"काचेला दार असतं ना? मग बाहेर पड की." मी विषय बदलला.

हरलेल्या कॅप्टनने मात्र सोडलं नाही. वर्गणी काढून तिने वकीलबाई लावली आणि गेम बनवणाऱ्या कंपनीच्या लवादाकडे दाद मागितली. चार महिन्यांनी मी कपाटातला तो दुसरा कागद वकीलबाईंना नेऊन दिला आणि संघ कुणाचा ते लिहून दिलं. याचं श्रेय मला घेऊ देऊ नका. मालकांचं आणि मेहुण्याचं त्या महिन्यात कडाक्याचं वाजलं होतं, आणि मेहुणा आज ना उद्या बोलणार हे मला ठाऊक होतं. बुडत्या होडीतून उडी मारायला शौर्य लागत नाही, थोडं आधी कळावं लागतं.

निकाल चौदा पानी आला. आयोजकाने मालकी लपवली, म्हणून विजेतेपद रद्द. ते कॅप्टनच्या संघाला. आमची परवानगी काढून घेतली. दोन महिन्यांत कंपनी बंद पडली, काचेची केबिन कुणी दातांच्या डॉक्टरने घेतली, आणि मी भाडेकरार टाइप करायला लागलो. कॅप्टनचा फोन आला. "तुम्ही नसतात तर झालं नसतं, दादा," ती म्हणाली. तिच्या आवाजाचा मला इतका आनंद झाला की मी खोडून काढलं नाही. पुढे ती दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करू लागली. प्रत्येक वेळी दादा.

बाईंबद्दल त्या चौदा पानांत एकच वाक्य होतं. बाराव्या पानावर. पंचाच्या निर्णयाच्या गुणवत्तेत जाण्याची आवश्यकता उरत नाही. म्हणजे मॅक्रो होता की नव्हता, बाईंचा हात बरोबर होता की चुकला, हे कुणी ठरवलंच नाही. आता ठरणारही नव्हतं. ज्या कीबोर्डने ते सांगितलं असतं, त्याचं सील मी फोडलं होतं.

मग कॅप्टनने हॉस्पिटलच्या सभागृहात एक छोटी स्पर्धा ठरवली, फक्त नोकरदार खेळाडूंची. "पंच बाईच हव्यात," ती मला म्हणाली. "तुमचं ऐकतील त्या, दादा. तुम्ही त्यांचे विद्यार्थी." तेव्हा कुठे मी तो लोखंडी जिना चढलो. एक वर्ष आणि काही दिवसांनी.

बाई खिडकीपाशी बसून जुन्या यंत्राची फीत गुंडाळत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. मी निकाल दिला. बारावं पान त्यांनी स्वतः शोधलं.

"माझ्याबद्दल हेच?"

"हो, बाई." मग मी धीर करून म्हणालो, "मी लवादाला लिहितो. तुम्ही बरोबर होतात म्हणून."

"तुला काय माहीत मी बरोबर होते?"

"म्हणजे काय बाई. मला खात्री आहे."

"कशावरून? कीबोर्ड तपासलास?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी फीत गुंडाळून संपवली. बोटांना शाई लागली होती ती त्यांनी जुन्या कागदाला पुसली. "त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. क्लासमध्ये चूक दाखवताना असायचा तसाच होता.

मी कॅप्टनचा निरोप सांगितला. स्पर्धा लहान आहे, पोरं चांगली आहेत, सगळ्यांना तुम्हीच हव्या आहात, सगळे कागद पूर्ण करून मी स्वतः आणून देईन.

"नको," बाई म्हणाल्या. "ज्याचा निकाल एकदा फिरला, त्याने त्या खुर्चीत बसू नये. मी दुसऱ्या परीक्षकांना हेच सांगत आले."

"बाई, निकाल फिरला नाही. तो तांत्रिक कारणाने रद्द..."

"तो शब्द तुझा आहे. माझ्याकडे तो फिरलाच." त्या उठल्या आणि यंत्रावरची चादर नीट केली. "त्या पोरीला सांग, रागावले नाही म्हणावं. चांगली खेळते. मनगट जरा उचलून धरते, ते खाली घे म्हणावं, पुढे दुखेल."

जिना उतरून मी पंपाच्या दुकानाशेजारी उभा राहिलो आणि कॅप्टनला फोन लावला.

"काय म्हणाल्या?" तिने लगेच विचारलं.

"नाही म्हणाल्या."

"का? तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

"तब्येत चांगली आहे. माझ्यामुळे नाही म्हणाल्या."

"तुमच्यामुळे कसं? ते तर तुमच्या मालकाने केलं."

"त्याने सोडून दिलं होतं," मी म्हणालो. "सही नाहीये हे मी त्याला सांगितलं. आणि सही माझ्यामुळेच झाली नव्हती." मग सात नंबरच्या रकान्यापासून सीलपर्यंत मी सगळं सांगितलं, पंपवाला कान देऊन ऐकत होता तरी. सांगून झाल्यावर मनगटाचा निरोपही दिला.

पलीकडे लॅबमधल्या कुठल्याशा मशीनची घरघर येत होती.

"बरं," ती म्हणाली. त्यापुढे दादा नव्हतं. "ठेवते. काम आहे."